टोपलीखालचं पीठ

आये, तुझी नात तुझा निकाल लावायला बसली आहे आणि तो मोठ्यानं वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं आहे. ही नात तुला ठाऊक नाही. तू गेलीस त्यानंतर दोनेक वर्षांनी ती झाली, आणि आता मुंबईला कला महाविद्यालयात हलती चित्रं काढायला शिकते. शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला एक छोटा सिनेमा करावा लागतो. हिनं तो तुझ्यावर केला. जपानी धाटणीचा आहे, ॲनिमे म्हणतात त्याला. लहानपणापासून तेच बघत बघत जेवली आहे ती. अर्धामुर्धा झाल्यावर घरी घेऊन आली तेव्हा तुझा जावई चहाचा कप घेऊन समोर बसला आणि थोड्या वेळानं म्हणाला, "यात मारामारी कधी चालू होते?" ती म्हणाली, "पप्पा, हा सायकॉलॉजिकल आहे. जे काय होतं ते आतल्या आत होतं." तो उठून मासळी आणायला गेला. मी बसून राहिले, कारण पडद्यावर तू होतीस. तुझा तो एकच फोटो आहे ना, मतदार ओळखपत्राचा, कपाळाला आठी घातलेला, त्यावरून तिनं तुला काढली आहे. आठी अगदी तशीच आहे.

हे मी हातानं लिहिते आहे. तुला वाचता येत नव्हतं आणि दुसऱ्या कुणाला हे वाचायला द्यायचं नाही, त्यामुळे अक्षराची काळजी नाही. एरवी लिहिणं म्हणजे माझ्यासाठी टाइप करणंच. अलिबागच्या कोर्टात मी स्टेनो. साहेब सांगतात, मी टाइप करते, तीसेक वर्षं हेच चाललंय. बांधाच्या भांडणाचे निकाल, वाटण्यांचे निकाल, सोडचिठ्ठीचे, खुनाचे. आधी मशीनवर, आता कॉम्प्युटरवर. यंदा रिटायर होईन. मनगटं गेली, पाठ गेली, आणि खरं सांगायचं तर निकाल हा शब्दच आता नकोसा झालाय. वाटलं होतं, घरी आल्यावर गरम पाण्यात पाय सोडून बसावं, कुणाचं काही ऐकू नये. तर घरातही निकालच, आणि तोही तुझा.

सिनेमा असा आहे. एक म्हातारी मरते आणि डोळे उघडते तेव्हा समोर नुसतं पांढरं. आपल्याकडच्या मिठागरासारखं दिसतं, पण ते मीठ नसतं, पीठ असतं. तांदळाचं पीठ, नजर जाईल तिथपर्यंत पसरलेलं. पलीकडच्या टोकाला कुणीतरी पाटावर बसलेलं, डोक्यावर उपडी टोपली, पार गळ्यापर्यंत, त्यामुळे तोंड दिसत नाही. तो न्यायाधीश. तो काही विचारत नाही. म्हातारीनं फक्त त्या पिठावरून चालत त्याच्यापर्यंत यायचं. चालताना तिला आयुष्यातला एकेक दिवस आठवतो आणि जसा दिवस आठवेल तसं मागं उमटणारं पाऊल बदलतं. कधी माणसाचं, कधी गाईचं, कधी कोंबडीचं, कधी नुसतीच सरपटल्याची रेघ. ती वळून बघते, घाबरते, काहीतरी चांगलं आठवायला जाते आणि नेमकं नको तेच आठवतं. गाणं नाही, वाजंत्री नाही, पायाखाली पीठ दबल्याचा तेवढा आवाज. शेवटी न्यायाधीश टोपली काढतो आणि पावलं बघून निकाल सांगतो. तो निकाल तिनं लिहिलेलाच नव्हता. तिथं नुसती शांतता ठेवली होती.

ही कल्पना तिच्या डोक्यात कुठून आली ते मला विचारायची गरज पडली नाही. तू गेलीस तेव्हा दहाव्याच्या आदल्या सांजेला बायकांनी आपल्या रीतीप्रमाणे तू शेवटची निजली होतीस ती जागा सारवली, तिच्यावर तांदळाचं पीठ पसरलं, दिवा लावला आणि वर टोपली उपडी घातली. सकाळी टोपली उचलायची आणि पिठावर कसला ठसा उमटलाय ते बघायचं. त्यावरून गेलेला जीव पुढं कुठल्या जन्माला गेला ते ठरतं. माणसाचं पाऊल दिसलं तर सगळे हात जोडतात. पाखराचं दिसलं तरी चालतं. पिठं वाचायचा मान आपल्या शेजारच्या काकीचा. त्या सकाळी घर भरलेलं होतं, ओटीवर पुरुष, आत बायका. काकीनं टोपली उचलली, ओणवी होऊन बराच वेळ बघितलं आणि सांगितलं, "पाल."

एकीनं तोंडाला पदर लावला. दुसरी म्हणाली, "पाल नाय तर काय व्हनार? सारा जनम दुसऱ्याचे भितीला कान लावून काढलान." तू गावात कुणाची लाडकी नव्हतीस हे मला माहीत होतं. कुणाची सून माहेरी का पळाली, कुणाच्या बांधानं आपली जागा कशी सोडली, तू सगळं तोंडावर बोलायचीस आणि वर विचारायचीस, "खोटा हाय काय?" खोटं नसायचं, म्हणून तर राग धरायचे. पण तुझी पाल झाली यावर सगळ्यांचं इतक्या झटकन एकमत होईल असं मला वाटलं नव्हतं. मला त्या बायकांचा संताप आला होता. भांडायला अंगात त्राण नव्हतं, म्हणून मी चुलीपाशी जाऊन बसले आणि चहाचं आधण ठेवलं.

तेव्हापासून माझ्या घरात पालीला कुणी हात लावत नाही. विश्वास आहे असं म्हणणार नाही, कोर्टात काम करणारी बाई आहे मी, पुरावा लागतो मला. पण समजा असलीस तर, एवढंच. तुझा जावई सुरुवातीला झाडू घेऊन धावायचा, मग माझा चेहरा बघून झाडू खाली ठेवायला शिकला. औषध फवारणारा माणूस दारात आला तर मी त्याला दारातूनच परत पाठवते. रंगकाम दोनदा पुढं ढकललं, कारण ट्यूबलाइटच्या मागं एक बिऱ्हाड आहे. पोरगी बोलायला लागली तेव्हा भिंतीकडे बोट दाखवून म्हणायची, "आजी आली." पाहुण्यांसमोर म्हणायची. मी हसून वेळ मारून न्यायचे. हा सिनेमा तिथून निघाला, त्या ट्यूबलाइटच्या मागून.

सिनेमा तुझ्यावर करायचा असं तिनं ठरवलं तेव्हा तिचे फोन सुरू झाले. आजी कशी चालायची, आजी रागावली की काय करायची, आजी तुला कधी काही द्यायची का. मी कोर्टातून दमून आलेली असायचे, कुकर लावता लावता जे आठवेल ते सांगायचे. टायपिंगच्या मास्तरांचं मी तिला पहिल्यांदा सांगितलं. दहावीनंतर तू मला चिखलात पाय घालू दिला नाहीस, अलिबागला टायपिंगच्या क्लासला घातलंस. परीक्षा पास झाले तेव्हा तुझ्या मनानं घेतलं की मास्तरांचा मान करायचा. आपल्या खारेपाटात, खाडीकाठच्या गावांत, मान करायचा म्हणजे एकच रीत, दारच्या तळ्यातला जिताडा मासा काढायचा. तलाठी आला, जिताडा. डॉक्टर आला, जिताडा. तू तळ्यातला सगळ्यात मोठा मासा काढलास, केळीच्या पानात बांधलास आणि एसटीत मांडीवर घेऊन बसलीस. मास्तर सोवळ्यातले, घरात अंडंसुद्धा येत नव्हतं. मला हे माहीत होतं, पण तुझ्यापुढे तोंड उघडायची प्राज्ञा नव्हती. त्यांच्या बायकोनं दार उघडलं आणि नाकाला पदर लावला. मास्तर हात जोडून म्हणाले, "आम्ही घेत नाही हो." तुला वाटलं मासा त्यांना लहान वाटला. तू म्हणालीस, "बारीक वाटतय काय? याचा बाप हाय तलावात, उद्या आनतय."

परत येताना एसटीत मला रडू फुटलं, लाजेनं. तू सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "लाज वाटते काय मासलीची? याच मासलीव मोठी झालीस तू." घरी आलो तर उंबऱ्यावर आडवी उभी राहिलीस, नेहमीसारखी. "पाय धू आदी. मंग घरात ये." ते तुझं रोजचं होतं. शेतातून आले तरी तेच, शाळेतून आले तरी तेच, अलिबागहून चपला घालून स्वच्छ पायांनी आले तरी तेच. दाराशी तांब्या भरलेला असायचा. मला ते नेहमी असं वाटायचं की बाहेरून मी काहीतरी घाण करून आलेय आणि ते तुला आधीच कळलंय. पुढच्या आठवड्यात तू एकटीच जाऊन मास्तरांना पांढऱ्या कांद्याची माळ देऊन आलीस. ती त्यांनी घेतली. तू ते गावभर सांगत होतीस.

आणि मग मी पोरीला दुपट्यांचं सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक, तिनं विचारलंही नव्हतं. हिच्याआधीची माझी पहिली मुलगी एक दिवस जगली आणि गेली, तेव्हाचं. तू तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आलीस. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. तू मला जवळ घेतलं नाहीस. कसं झालं, काय झालं, काही विचारलं नाहीस. खिडक्या उघडल्यास, ओटा घासलास, पेज शिजायला टाकलीस आणि खोलीच्या दारात येऊन विचारलंस, "जेवलीस काय?" मी पांघरूण डोक्यावर ओढलं. मग तू कपाट उघडलंस आणि मी सात महिने बसून शिवलेली झबली, टोपरी, मऊ धोतराची दुपटी सगळी काढून एका फडक्यात बांधलीस. मी उठून बसले, म्हटलं, "ती राहू दे." तू गाठ मारत म्हणालीस, "ऊठ आता. कामाला लाग." आणि दुपारच्या गाडीनं गाठोडं घेऊन निघून गेलीस. मी पेज खाल्ली नाही. त्या गाठोड्याचं काय केलंस ते मी कधी विचारलं नाही आणि तू कधी सांगितलं नाहीस. त्यानंतर दोन वर्षं आपण पाऊसपाणी, भात, तब्येत एवढंच बोललो, आणि मग तू गेलीस.

आता सिनेमा पूर्ण होत आला तेव्हा पोरगी लॅपटॉप घेऊन परत आली. सोमवारी कॉलेजात द्यायचा होता. मी बघितला. मासा मांडीवर घेऊन तू त्या पिठावरून चालतेस तेव्हा कोंबडीची पावलं उमटतात, थोडं हसू येतं. पुढं तुझ्या हातात गाठोडं येतं. तिथून पालीची बोटं उमटायला लागतात, पसरलेली, बारीक, आणि मग शेवटपर्यंत दुसरं काही उमटतच नाही. तू मागं वळून बघायचंही सोडून देतेस. न्यायाधीशासमोर येऊन उभी राहतेस. तो टोपली काढतो. आत माझा चेहरा होता, आये. चष्म्यासकट, कानावरच्या पांढऱ्या बटांसकट. मी पोरीकडे बघितलं. ती म्हणाली, "इथे तू बोलायचंस. एकच वाक्य. तुझ्याच आवाजात पाहिजे."

मी म्हटलं, "काय बोलू?"

"जो काय निकाल असेल तो. तुझी आई होती."

"मला नको ग. दमलेय मी. सगळा जन्म दुसऱ्यांचे निकाल टाइप केले, आता हा एक कशाला?"

ती चिडली नाही, शांतपणे म्हणाली, "मी आजीला बघितलेलंच नाही. यात जे आहे ते सगळं तूच सांगितलंयस. मी एक पाऊलसुद्धा माझ्या मनानं काढलेलं नाही." तिच्याकडे तुझ्याबद्दल जे काही होतं ते माझ्या तोंडून गेलेलं होतं, कुकरच्या शिट्ट्यांमधून सांगितलेल्या तक्रारी. साक्षीला मी एकटी, आणि निकालालाही मीच. कोर्टात असं चाललं नसतं, आमच्या साहेबांनी फाइल फेकली असती. मी तिला म्हटलं, विचार करते. ती म्हणाली, दोन दिवस आहेत, तोवर मला खरी टोपली उचलल्याचा आवाज पाहिजे, आपण गावी जाऊ.

म्हणून शनिवारी आम्ही काकीकडे गेलो. आपलं तळं आता नाही, बुजवलं. तिथं मुंबईच्या कुणाचं तरी बंगल्याचं कंपाउंड आहे. काकीचं तळं आहे अजून. काकी पार वाकली आहे, पण मागच्या वर्षी एकदाचं तिचं डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि आता तिला सगळं दिसतं. मी फाटकात असतानाच तिनं ओळखलं. म्हणाली, "बारीक झालीस. आन् ये केस कवा पिकले?" पोरीनं माइक काढला, टोपली मागितली, पीठ मागितलं. काकी कौतुकानं सगळं करत होती, चारचारदा टोपली उचलून दाखवत होती. मग पोरीनं तिला लॅपटॉपवर सिनेमातला पालीच्या पावलांचा तुकडा दाखवला आणि म्हणाली, "हे तुम्हीच सांगितलेलं ना? आजीच्या पिठावरचं?"

काकी पदरानं तोंड पुसून म्हणाली, "मना कुठं दिसत व्हता ग तवा? दोनी डोल्यांत मोतीबिंदू. टोपली दिसली तेच नवल."

मी म्हटलं, "मग पाल कशाला बोललीस?"

"सगल्या बाया माजे तोंडाकरं बगत व्हत्या. काय तरी बोलाला लागतं ना. तवर भितीव पाल चुकचुकली. मी बोल्ली, पाल."

पोरगी हसत सुटली, हसता हसता जमिनीवर बसली. मला हसता आलं नाही. पंचवीस वर्षं मी त्या शब्दाखाली घर चालवलं होतं. रंगकाम ढकललं, झाडू खाली ठेवायला लावला, नवऱ्याशी भांडले, आणि हिला दिसतच नव्हतं. काकीला माझा चेहरा दिसला असावा, आता तिला दिसतं ना. ती माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "तुझी आयेच बरी. तिना पीठ ठेवलान तवा कोनला बगूच नाय दिलान."

मी विचारलं, "कुणाचं पीठ?"

"तुझे बायचा. पयली गेली ती."

लहान जिवाचं पीठ ठेवत नाहीत, आये. दहावं नाही, बारावं नाही, काहीच नाही. मला वाटलं काकीची गल्लत होतेय. पण तिनं सगळं सांगितलं, अगदी हळूहळू, टोपली मांडीवर घेऊन. तू अलिबागहून गाठोडं घेऊन आलीस, आणि दिवे लागायच्या वेळेला दार लावून जात्यावर तांदूळ दळायला बसलीस. जात्याचा आवाज ऐकून काकी आली. तू चुलीसमोरची जागा सारवली होतीस आणि गाठोड्यातली कापडं तिथं एकावर एक घडी घालून ठेवली होतीस. काकी म्हणाली, "मी बोल्ली तिला, पोराचा पीठ नाय ठेवत, वंगाल असतं. तर माज्याव खेकसली. बोल्ली, मोठ्यांना सगले बगतान. तिला कोन नाय बगनार काय?" मग तू पीठ पसरलंस, दिवा लावलास, टोपली घातलीस आणि तिथंच भुईवर आडवी झालीस. सकाळी काकी परत आली तेव्हा तू टोपली उचलून बसली होतीस, दाराकडे पाठ करून. खूप वेळ बसली होतीस म्हणाली. काकीनं विचारलं, काय दिसलं? तू हातानंच पीठ गोळा केलंस, पदरात घेतलंस आणि म्हणालीस, "एक दिसाची पोर ती. तिचा कसला निकाल लावतस?" पीठ तळ्यात सोडलंस, आणि कापडं भरतीच्या वेळी खाडीत. काकीला बजावलंस, कुणाला बोलायचं नाही. तिनं नाही सांगितलं कुणाला. तूही नाही.

येताना रिक्षात पोरगी माइकची वायर गुंडाळत बसली. मला तुझा राग आला होता, तो आधी सांगते. खूप राग आला. एवढं केलंस तर मला का नाही नेलंस? मी आले असते, आये. जात्याचा खुंटा तुझ्याबरोबर धरला असता. ती दोन वर्षं आपण भाताच्या भावावर बोलत बसलो आणि ही गोष्ट तुझ्या पोटात होती. गावभराचं तोंडावर बोलणारी बाई तू, आणि जे बोलायला पाहिजे होतं तेवढं बोलली नाहीस. मग रेवदंड्याच्या फाट्याला रिक्षा थांबली तेव्हा राग होता त्याच जागी रडू आलं. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. पोरीनं माझा हात धरला आणि दुसऱ्या हातानं त्याला पुढं जायची खूण केली.

रविवारी दुपारी आवाज घ्यायचा होता. त्यासाठी तिनं मला कपाटात बसवलं. खरंच, कपड्यांच्या कपाटात, अंगावर गोधडी, समोर माइक, बाहेर पंखा बंद, फ्रिज बंद, तुझ्या जावयाला खाली पाठवलेला. आवाज घुमत नाही म्हणे असा. मी घामानं निथळत होते. ती बाहेरून म्हणाली, "आई, ठरलं का? नाहीतर मी शांतताच ठेवते. तेही चालेल. मार्क थोडे जातील." मला निकालाचे सगळे शब्द येतात, आये. दोषी, निर्दोष, पुराव्याअभावी, संशयाचा फायदा देऊन. बोटांना पाठ आहेत, साहेबांचं वाक्य अर्धं असतानाच बोटं पुढं जातात. त्यातला एकही मला तोंडात घ्यावासा वाटेना. मी डोळे मिटले तर ती पांढरी जमीन दिसली आणि तिच्यावर तू उभी, गुडघ्यापर्यंत पीठ माखलेली, कपाळाला ती आठी, इतकं चालून दमलेली. मला वाटलं हिला कुणी बस तरी म्हणा.

"बोलू?" मी विचारलं. "बोल," ती म्हणाली. मी बोलले, आपल्या बोलीत, तू बोलायचीस तसं.

"पाय धू आदी. मंग घरात ये."

सिनेमात असतं तसं पाल चुकचुकली वगैरे काही झालं नाही. खाली भाजीवाला ओरडत होता, तोही त्या आवाजात आला असणार. मग पोरीनं कपाटाचं दार उघडलं, तिचं नाक लाल झालं होतं. म्हणाली, "आई, याला मला चार नवीन चित्रं काढायला लागतील." ती संध्याकाळपर्यंत मान वर न करता काढत बसली. आता न्यायाधीश टोपली बाजूला ठेवतो, पाटावरून उठतो, गुडघ्यावर हात टेकून उठतो कारण मी तशीच उठते, आणि बाजूचा तांब्या घेऊन म्हातारीच्या पायांवर पाणी ओततो. मागची पावलं कुणीच बघत नाही. पीठ ओलं होऊन वाहत जातं. एवढाच शेवट आहे. तिचे सर काय म्हणतील कुणास ठाऊक, पण मला तो बघून आंघोळ केल्यासारखं वाटलं.

आज पहाटेच ती मांडव्याहून बोटीनं गेली. हे कागद मी कपाटातच ठेवणार आहे, गोधड्यांच्या खाली, दुसरीकडे कुठं पाठवू? तुझ्या जावयाला काकीचं मोतीबिंदूचं सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे तुझी आई पाल नव्हती. मग आता तरी रंगवाल्याला बोलावू." मी हो म्हटलं. त्याचं बरोबर आहे, आता काही कारण उरलेलं नाही. एक गोष्ट मात्र त्याला सांगितली नाही, ती तुला सांगते. तो भाजी आणायला गेला होता आणि मी पेज ढवळत होते, तेव्हा ती ट्यूबलाइटच्या मागून बाहेर आली आणि ओट्याच्या वर भिंतीवर येऊन थांबली. मला सगळं माहीत होतं. तरी मी गॅस बारीक केला आणि तिच्याकडे बघून विचारलं, "जेवलीस काय, आये?"